पाचवीचं पेन

गेल्या शनिवारी सुतारानं फायरप्लेसपुढची फळी उचकटली, तर खालून एक निळं बॉलपेन निघालं. टोपणाला वाळलेलं हळदकुंकू. हे घराच्या काळातलं नाही, म्हणत तो ते कचऱ्याच्या बादलीत टाकायला निघाला.

"थांब, माझं आहे ते," मी म्हटलं. तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

फ्रीमाँटचं हे जुनं घर आधी एका शेतमालकाचं होतं. मग दवाखाना झाला, मग खोल्या भाड्यानं गेल्या, मग कुलूप. आता ते मूळच्यासारखं करायचं चाललंय, म्हणजे मधली सगळी माणसं पुसायची. त्या मधल्यांत आम्हीही होतो, याच खोलीत. रंग खरवडणाऱ्या स्वयंसेवकांत मी आपणहून नाव दिलं, पण इथं राहिल्याचं कुणाला सांगितलं नाही. खरवडताना भिंतीतून रडू ऐकू येतं. खरवडायच्या पत्र्याचा आवाज असतो तो, मला कळतं. तरी हात थांबतो.

आमची मुलगी इथं पाच दिवसांची झाली. बाळंतपणाला आलेल्या सासूबाईंनी पाचवी पुजली. परदेशात पाटा-वरवंटा आणणार कुठून? फायरप्लेसपुढं चॉपिंग बोर्डावरच सटवाईची सुपारी मांडली.

"कोरा कागद आणि पेन ठेव गं. बाळाचं नशीब लिहायला येते ती."

मी केमिस्ट्रीची पदवीधर. मनात हसले आणि ठेवलं.

सकाळी कागद होता, पेन नव्हतं.

"पेन ठेवलंच नाहीस?" सासूबाईंनी विचारलं. ठेवलं होतं, म्हटलं खरं, पण मनात पाल चुकचुकली. दहाव्या दिवशी मुलगी गेली. बारसं दोन दिवसांवर आलं होतं. नाव ठरलेलं, कानात सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी हृदयातला दोष सांगितला. मला तो पटतोही. पण तेव्हापासून रोज भांडी घासताना वाटत आलं, मीच पेन विसरले. सासूबाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही, त्याचाच जास्त राग यायचा.

आणि पेन फळीच्या फटीतून घरंगळलं होतं. मी ठेवलं होतं! हायसं वाटायला हवं होतं. जिन्यात बसून ढसाढसा रडले. इतकी वर्षं चूक माझी होती, तोवर निदान असं तरी होतं, की सटवाईला माझ्या लेकीसाठी काही लिहायचं होतं, फक्त पेन नव्हतं.