कादंबरीतली आई

उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात बनूबाईच्या कात्रीला कधी धार लावावी लागली नाही. तिच्या वाटणीच्या पँटींचे धागे बाकीच्या अकरा बायका कापायच्या आणि ती त्यांना कादंबरी वाचून दाखवायची. शिक्षण सातवी, पण वाचायला लागली की शेठाणीसुद्धा दारात रेंगाळायची. ऐकणाऱ्या बायका मात्र महाखट. लेखक केवढाही मोठा असो, त्यांच्यापुढे त्याची गय नव्हती.

या खेपेला तिने वाचनालयाचं पुस्तक आणलंच नाही, झेरॉक्सवाल्याने बांधलेली चळत आणली. पुण्यात नोकरी करणाऱ्या तिच्या लेकीने, किर्तीने, प्रेमकादंबरी लिहिली होती आणि छापायला द्यायच्या आधी कुरियरने आईला धाडली होती. सोबत चिठ्ठी, 'काय जमलंय, काय फसलंय ते खरं सांग.' दोन वर्षांपूर्वी बनूबाईने मांजर्लीच्या दिपेशशी तिचं लग्न होऊ दिलं नव्हतं. तेव्हापासून किर्तीचा फोन सणावारी, तोही तब्येतीपुरता. दिपेशने गेल्या वर्षी दुसरीशी संसार थाटला. त्यामुळे या चिठ्ठीला काय उत्तर द्यावं, या विचाराने बनूबाईचा जीव टांगणीला लागला होता. एक शब्द चुकला तर लेक कायमची तुटेल, ही तिची भीती.

लिहिणारी कोण हे तिने बायकांना सांगितलं नाही. सुरुवात झकास झाली. नायिका चिडून नायकाला ब्लॉक करते आणि तासाभराने स्वतःच अनब्लॉक करते, तिथे अकरा कात्र्या थांबल्या. पुढे चामटोलीची मोतीबाई कुरकुरली, "ह्यो हिरो कामाला कवा जातो गं? सदा रिकामाच!" सगळ्या हसल्या. बनूबाईसुद्धा हसली.

चौथ्या दिवशी गोष्टीत नायिकेची आई आली. म्हणाली, 'हे लग्न होणार नाही,' आणि स्वयंपाकघरात निघून गेली. संपलं प्रकरण.

"ही आई खोटी हाय," मोतीबाई म्हणाली. "नाय बोलते, पन का ते सांगत नाय. अशी कुठं आई असते का?"

असते. बनूबाईला चांगलंच ठाऊक होतं. दोन हजार पाचच्या पुरात मांजर्लीच्या भाड्याच्या खोलीत पाणी गळ्याशी आलं, तेव्हा पाच वर्षांच्या किर्तीला खांद्यावर घेऊन ती दिवसभर पत्र्यावर बसली होती. लग्नाचं निघालं तेव्हा दिपेशचं घर ती गुपचूप पाहून आली, तर नदीकाठचं बैठं घर, भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पुराची खूण. तिथेच तिचा नकार पक्का झाला. पण पुराला भिऊन स्थळ मोडलं म्हटलं तर लोक हसतील, म्हणून कारण तिने पोटातच ठेवलं.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने फोन लावला. "किर्ती, सगळं जमलंय. फक्त आई फसलीय."

"का?"

"ती नाही का म्हणते, ते तू लिहिलंच नाहीस."

"मला कुठे माहीत होतं? तू कधी सांगितलंस?" किर्तीचा आवाज चिरकला. "मला वाटलं, तो आगरी, आपण देशावरचे, म्हणून."

मग बनूबाईने पत्र्यापासून भिंतीवरच्या खुणेपर्यंत सगळं सांगितलं. किर्ती हळूच म्हणाली, "आई, ते घर त्यांनी बिल्डरला इमारत बांधायला दिलं होतं गं. आम्ही चौथ्या मजल्यावर राहणार होतो."

बनूबाईने डोळ्यांना पदर लावला, तरी पाणी थांबेना. तशीच ती म्हणाली, "तसंच लिही. आईने घर पाहिलं, पण कुणाला काही विचारलं नाही."

"आणि मुलीने?"

"मुलीनेही नाही विचारलं."

किर्ती आता रडत होती. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने फोन ठेवायची घाई केली नाही.