गिटारकाकांची अडलेली ओळ

गिटारकाकांना शालीची भयंकर चीड. "शाल पांघरली की समजायचं, आता गप्प बसा असं सांगतायत," असं ते म्हणायचे. इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम स्वीकारताना त्यांची अट ठरलेली: सत्कार नाही. तबला नको, पेटी नको, निवेदकाचं लांबण तर नकोच. एक खुर्ची, गिटार आणि ते. गाणी स्वतः लिहिलेली, चाली स्वतः लावलेल्या.

इथे परदेशात, माउंट रॉस्किल उपनगरात, त्यांच्या घरामागच्या खोलीत मी शिकायला म्हणून आले आणि पुढे रेस्ट होममध्ये म्हाताऱ्यांची देखभाल करायची नोकरी लागली तरी तिथेच राहिले. काकांनी गाडी चालवणं सोडल्यावर त्यांची ड्रायव्हर मीच. मागच्या सीटवर गिटार, शेजारी काका, आणि रस्ताभर सराव. कागद समोर ठेवून गाणं त्यांना मंजूर नव्हतं. "वाचूनच दाखवायचं असेल तर झेरॉक्स वाटा की!" त्यामुळे झालं काय, त्यांची सगळी गाणी मलाच पाठ झाली. नको तितकी.

त्यातलं एक काकू गेल्यावर लिहिलेलं, कपडे वाळत घालायच्या दोरीचं. मागच्या अंगणातली ती दोरी इतकी खाली होती की येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळाला लागायची. "काका, वर बांधा ना जरा," मी कितीदा म्हटलं. "वाकून जा. तिच्या उंचीची आहे," एवढंच उत्तर.

गेल्या वर्षी त्यांचे शब्द सुटायला लागले. मी रोज हेच बघते, मला कोण फसवणार? डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाले, "आधी कार्यक्रम. एकदाच, अख्खा, कागदाशिवाय. मग नेशील तिथे येतो. तू फक्त समोर बस. अडलो तर ओळ दे."

रविवारची दुपार, पापाटोएटो उपनगरातला हॉल. मी नाइट शिफ्ट करून तशीच आले होते. समोशांपायी कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला. पण काका काय गायले! आठ गाणी, एक शब्द इकडचा तिकडे नाही. माझा जीव भांड्यात पडला. मग दोरीचं गाणं सुरू झालं. त्याचं दुसरं कडवं ऐकल्याचं मला आठवतं.

जाग आली ती टाळ्यांनी. काकांची बोटं तारांवर तशीच, तोंड अर्धवट उघडं. ते मध्येच थांबले होते आणि लोकांना वाटलं, गाणं संपलं. आमच्या मंडळाची माणसं फार प्रेमळ; अटीबिटी त्यांच्या लक्षात कुठल्या राहतात? अध्यक्षबाई लगबगीने आल्या आणि त्यांनी शाल पांघरलीच. हातात नारळ दिला. फोटो काढले. काका माझ्याकडे बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "झोपलीस होय गं?"

"हो." मला रडू फुटलं.

"असू दे. रात्रभर म्हाताऱ्यांचं करतेस, दिवसा आणखी एकाचं किती करशील?" मग म्हणाले, "दे आता."

"तुझा हात पोचेना, म्हणून दोरी खाली बांधली," मी म्हटलं.

"आता तीच माझ्या कपाळाला लागते," त्यांनी लगेच उचललं. शाल काढायचंही सुचलं नाही त्यांना. घर आलं, मी इंजिन बंद केलं, तरी ते गात राहिले. शेवटपर्यंत.

आता ते आमच्याच रेस्ट होममध्ये असतात. चहा देताना मी ओळ द्यायची आणि त्यांनी पुढची म्हणायची, असा आमचा रोजचा परिपाठ होता. गेल्या आठवड्यात त्यांनी ओळ उचललीच नाही. माझे पाय भरून आले होते, अजून चार खोल्या बाकी होत्या. तरी पलंगाच्या कडेला टेकले आणि माझ्या बेसूर गळ्यात उरलेलं सगळं म्हटलं.

"छान आहे गं," काका म्हणाले. "कुणाचं?"

"तुमचंच, काका."

त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला.

"मग मंडळवाल्यांना सांगून ठेव," म्हणाले, "शाल नको."