ताईची दुपारची जाहिरात

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. "ताई गेली गं तुझी," एवढंच बोलले. महिना उलटून गेला, तरी काही सांगायचं असलं की अजून हात आधी तिच्याच नंबरवर जातो.

शालूताई माझी थोरली बहीण. भाईंदरला इंद्रलोक वसाहतीत राहायची आणि टीव्हीवर सांधेदुखीच्या तेलाची जाहिरात करायची. ती लांबलचक, खाली फोन नंबर सरकत राहणारी जाहिरात. काशीमीऱ्याच्या एका गोदामात शूटिंग होतं, तिथे मैत्रिणीसोबत सहज म्हणून गेली आणि जाहिरातवाल्यांना हवी होती तशी घरगुती बाई मिळाली! गंमत म्हणजे, तेलानं बरी झालेली ताई हे लोक सकाळीच शूट करून घ्यायचे, चेहरा टवटवीत असतो म्हणून. दुखणारी ताई संध्याकाळी, दमल्यावर. "मॅडम, थोडा और दर्द!" असं दिग्दर्शक ओरडायचा, त्याची ती अशी नक्कल करायची की आमची हसून मुरकुंडी वळायची. "आधी बरी होते, मग दुखायला लागतं. माझं सगळंच उलटं, बाई!"

भाऊजींना हे बिलकूल पसंत नव्हतं. जाहिरात लागली की चॅनेल बदलायचे. "लोकांना फसवतेस तू," म्हणायचे. ताई फणकारायची, पण बोच तिलाही होतीच. जिन्यात कुणी विचारलं, "काकू, खरंच गुण येतो का हो?" तर हळूच सांगायची, "आधी डॉक्टरला दाखव."

मग तिचीच कंबर दुखायला लागली. सोसायटीतल्या बाया म्हणायच्या, "काकू, तुमचं तेल लावा ना!" ताईही हसायची. कण्हायचीसुद्धा नाही. मी रागावले तर म्हणाली, "कण्हले तर लोकांना वाटेल, अ‍ॅक्टिंग करतेय." तपासण्या झाल्या तोवर कॅन्सर हाडांत पोचला होता. अजून चीड येते मला... तिची, त्या तेलाची, सगळ्यांचीच.

परवा दुपारी गेले, तर भाऊजी टीव्हीसमोर बसलेले. पडद्यावर ताई भराभर जिना उतरत होती, हसत, बोलत. "फोटोत ती बोलत नाही ना," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले. "मधे जाहिरात लागली नव्हती, तर जीव नुसता कासावीस झाला."

आणि त्यांनी खालचा नंबर फिरवला. मला वाटलं, आता तक्रार करणार. पलीकडच्या मुलीनं हिंदीत विचारलं, किती बाटल्या पाठवू?

"एक भेज दो," भाऊजी म्हणाले. फोनवर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "कुणी घेतलंच नाही, तर दाखवणं बंद करतील गं तिला..." आणि पत्ता सांगू लागले.