करप्यावरचं जपानी चित्र

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या योजनेतून एक जपानी प्राध्यापक अजिंठा बघायला आले आणि पंधरा दिवस पिंप्राळ्याला आमच्याकडे राहिले. सकाळी ते मला जपानी चित्रकलेचा इतिहास शिकवत, संध्याकाळी मी त्यांना मराठी. इंग्रजी दोघांचंही बेताचं. कागदावरची कोरी जागाही चित्रच असते, एवढं एकच ते आठवडाभर समजावत होते. मी मान डोलवायची. कळत काही नव्हतं.

त्यांच्याकडचे जुने चित्रकार केळीची पानं काढत, म्हणून त्यांना केळीचा बाग बघायचा होता. रावेरजवळ वडिलांच्या ओळखीचे एक आबा होते, त्यांच्या मळ्यात मी त्यांना नेलं. धड पानांकडे प्राध्यापकांनी बघितलंसुद्धा नाही. करपा रोगानं डागाळलेलं, फाटकं पान दिसल्यावर मात्र ते मातीतच बसले आणि भिंग काढलं.

आबांनी मला बाजूला घेतलं. "ताई, हे रोगाचे साहेब ना?"

"नाही आबा, चित्रांचे."

"असू द्या, असू द्या. सरकारी काम, सांगता येत नसंल."

अर्ध्या तासात आजूबाजूचे शेतकरी रोगट पानं खांद्यावर टाकून हजर. रांगच लागली. प्राध्यापक हरखून गेले. केवढी ही रसिकता! प्रत्येक पान उजेडाकडे धरायचं, शाईचे चार फटकारे मारायचे आणि कागद मालकाच्या हाती द्यायचा. आबांना एका झाडाचं चित्र मिळालं. शेंड्याला तीन पानं, बाकी सगळं कोरं.

"औषध कुठी लिहेल हाये?" आबांनी विचारलं.

मी ते कसंबसं पोहोचवलं. प्राध्यापकांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि नव्या मराठीत ठासून म्हणाले, "इथे. काही नाही. फार महत्त्वाचे."

ते मायदेशी गेल्यावर महिन्याभरानं आबा केळीचा घड घेऊन आमच्या दारात उभे. चित्राप्रमाणे त्यांनी खालची डागाळलेली पानं छाटून जाळली होती, आणि करपा आटोक्यात आला होता. मी खरं काय ते सांगू लागले, पण ऐकतो कोण? "साहेबाले लिहा, लिंबूले कोणतं चित्र चालते?"

मी लिहिलं. दोन महिन्यांनी पाकीट आलं, ते घेऊन मी मळ्यावर गेले. मोठ्या कागदाच्या कोपऱ्यात एक इवलंसं लिंबू होतं. आबांनी तो दोन्ही हातांनी धरला, बराच वेळ बघितला आणि त्यांचा चेहरा पडला.

"ताई," ते म्हणाले, "एकच लागंल का मंग?"