भाऊसाहेबांच्या खात्यातली चावी

आकडे वाचून दाखवताना भाऊसाहेब दर सहा आकड्यांनंतर टेबलावर बोट टेकवायचे आणि म्हणायचे, "सहा झाले. आता श्वास घ्या, ताई." मुरुडच्या आमच्या कॉलेजात ते हेडक्लार्क होते आणि मी संगणक प्रयोगशाळेत सहायक. कॉलेजातल्या क्लार्कला कुणी नावाने हाक मारत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. सगळ्यांचे ते भाऊसाहेबच.

आमच्या संगणकांतली माहिती भलत्याच्या हाती लागू नये म्हणून आतून कुलूपबंद असते. एरवी ते जाणवतही नाही. पण संगणकाला कसलासा संशय आला, की तो निळा पडदा दाखवून अठ्ठेचाळीस आकड्यांची रिकव्हरी की मागतो. ती नसली तर आतलं सगळं गेलं. म्हणून प्रत्येक संगणकाची की छापून जपायचं काम आम्हा दोघांकडे होतं.

छापलेल्या चिठ्ठीवर दोन क्रमांक असतात. एक नुसता ओळखीचा, कोणती की कोणत्या संगणकाची ते कळावं म्हणून; दुसरी खरी की. भाऊसाहेबांनी पहिल्या पाच संगणकांचे ओळख क्रमांकच तेवढे सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवले. का, विचारलं तर म्हणाले, "ते लांबलचक म्हणजे कुलूप असणार. चावी लहानच असते ना?" मी समजावलं. त्यांनी मान डोलावली. मला तरी ते पुरतं कळलं होतं, असं आज छातीठोकपणे सांगवत नाही.

एकदा ऑफिसातला संगणक दुरुस्त होऊन आला आणि निळ्या पडद्यावरच अडला. त्यात शेवटच्या वर्षाच्या मुलांचे अंतर्गत गुण होते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विद्यापीठाला पाठवायचे. आम्ही सगळ्या चिठ्ठ्या पडद्याशी ताडून पाहिल्या. एकीचाही ओळख क्रमांक जुळेना.

प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. रिकव्हरी की सांभाळायचं काम तुमचं, तेव्हा लेखी खुलासा द्या, म्हणाले. मी तो तिथेच लिहून दिला, कारण मला खरोखरच आठवत नव्हतं. त्या संगणकाची चिठ्ठी मी छापली होती का? छापली तर ठेवली कुठे? संध्याकाळी घरी लग्नपत्रिकांचा डबासुद्धा उपसला.

सकाळी भाऊसाहेब आगरदांड्याहून पहिल्या एसटीने आले आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पनवेलला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने पूर्वी कधीतरी गॅस नोंदवायला म्हणून त्यांना ई-मेल काढून दिला होता. तो संगणक नवीन आला तेव्हा मी नोकरीला लागलेही नव्हते. पडद्याने ई-मेल मागितला, यांनी स्वतःचा देऊन टाकला आणि विसरून गेले. त्या नावाने खातं उघडलं गेलं आणि रिकव्हरी की आपोआप तिथे जमा झाली. आदल्या संध्याकाळी मुलीशी बोलताना त्यांना ते आठवलं, आणि तिने फोनवर सांगत सांगत खातं उघडून घेतलं.

ओळख क्रमांक जुळला. त्यांनी वाचलं, मी टाइप केलं. संगणक उघडला.

खोलीत आम्ही दोघंच होतो. दोन महिन्यांवर त्यांची निवृत्ती आलेली. मी म्हटलं, चिठ्ठी ड्रॉवरमध्ये सापडली असं सांगू या.

"ड्रॉवरमध्ये न्हवती," ते म्हणाले. "माझ्याकडंच व्हती."

आणि सरळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. मी दाराबाहेर उभी होते. चूक माझी आहे, ताईंचा खुलासा परत द्या, एवढंच त्यांचं बोलणं कानावर आलं. बाहेर आले आणि खुलाशाचा कागद माझ्या हातात देऊन चहा सांगायला गेले. सुटल्यासारखं वाटावं की त्यांच्यावर रागवावं, मला काही उमजेना.

मागच्या वर्षी भाऊसाहेब गेले. महिन्याभराने त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबांची खाती बंद करतेय, म्हणाली. एका खात्यात कॉलेजच्या संगणकाचे ते आकडे अजून आहेत, पुसू का?

त्या कीच्या तीन प्रती माझ्याकडे होत्या. तो संगणकही भंगारात गेला होता.

"इतक्यात नको," मी म्हटलं. का, ते तिने विचारलं नाही.