चिमाजी मास्तरांचा जबडा

दापोडीच्या कारखान्यात आम्हा शिकाऊ पोरांना गणित शिकवणारे चिमाजी मास्तर हात उगारायचे, हे लपवण्यात अर्थ नाही. मशीन का बिघडलं याचं एकच कारण सांगून पोरगं गप्प बसलं, की बोटांवर फूटपट्टी. कारखान्यात एका तेलाच्या इंजिनावर छताखालचा लांब दांडा फिरे. दांड्यावरून चामड्याचे पट्टे खाली येत, त्यांवर लोखंड कातणाऱ्या लेथी चालत. मास्तर फळ्यावर मांडत: इंजिनाचा जोर वजा लेथींचा भार, जे उरेल त्यानं वेग वाढतो. एक लेथ म्हणजे मशीन नव्हे, म्हणायचे, या छपराखाली आहे ते सगळं मिळून एक मशीन, आणि तुम्हीही त्यातच.

त्रेपन्नची खंडेनवमी. आमची रीत अशी, की लोखंडावर खोल काप चालू ठेवूनच मशीन ओवाळायचं, म्हणजे वर्षभर हाताला काम राहतं. नारळ फुटला की पट्टा मोकळ्या चाकावर ढकलायचा, म्हणजे लेथ थांबते. एरवी कुणी आधी सोडे, कुणी मागून. त्या वर्षी अर्जुनराव टर्नरला हौस आली. त्यानं 'एक, दोन, तीन' म्हटलं आणि सगळे पट्टे एका दमात सुटले. भार गेला तसं इंजिन पिसाळलं. त्याचा वेग आवरणारा गव्हर्नर कधीचाच झिजलेला. छताखालच्या दांड्यावरचं बिडाचं चाक फुटलं आणि त्याचा तुकडा अर्जुनरावाच्या धाकट्या भावाच्या कपाळात घुसला. पोरगा जागीच गेला.

गेन्या प्यालेला हाय, असं कुणीतरी बोललं. गेनू म्हणजे निघोज्याचा इंजिनवाला. त्या दिवशी चहाशिवाय काही प्यालेला नव्हता. पण कोण ऐकतो? त्याला फरफटत अंगणात आणला, बरगड्यांत लाथा घातल्या. अर्जुनरावानं पाना उचलला तेव्हा मास्तर गेनूच्या अंगावर आडवे पडले.

"बाजूला व्हा मास्तर. भाऊ मारलाय त्यानं माझा."

"पट्टे तुम्ही सगळ्यांनी सोडले. एक-दोन-तीन तू म्हणालास, अर्जुना. साहेबानं गव्हर्नर बदलला नाही. आणि फळ्यावर हेच रोज लिहिणारा मी, आरतीत टाळ्या वाजवत उभा होतो. आता मार कुणाला मारायचं ते."

पाना मास्तरांच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. खरं बोलले नसते तर इतका जोरात बसला नसता. मग अर्जुनरावानं पाना टाकला आणि आम्ही गेनूला उचलून बाहेर नेलं.

चौकशीत कारखान्याच्या साहेबाला एकच नाव हवं होतं. गेनू प्याला होता एवढं कबूल करा, नोकरी राहील, असं त्यानं मास्तरांना सुचवलं. जबडा फडक्यानं बांधलेला; मास्तरांनी मानेनंच नाही म्हटलं. साहेबानं अर्जुनरावाकडे पाहिलं. माझ्या मनात आलं, आता हा गेनूला पुरता गाडणार.

"एक-दोन-तीन मी म्हणालो, साहेब," अर्जुनराव म्हणाला. "आणि गव्हर्नर झिजलाय हे तुमच्या कानावर आम्ही गेल्या दिवाळीपासून घालतोय."

गेनू इंजिनावर राहिला. त्याच आठवड्यात नवा गव्हर्नर गुपचूप बसला. मास्तरांना आणि अर्जुनरावाला मात्र गेटबाहेर काढलं. साहेबाच्या खिडकीची एकही काच शाबूत राहिली नाही, आणि पहिला दगड माझा होता.