आईनं ओरडायला हवं होतं

मंडळी, पेणच्या हॉस्पिटलात बाकावर बसून लिहितेय.

हमरापूरला आमचा गणपतीचा कारखाना आहे. तिथे आई-बाबा दोघंच असतात, मी नोकरीला रोह्यात. म्हणून भिंतीवर एक यंत्र लावलं. कुणी ओरडलं की माझ्या फोनवर सूचना येते. आईला शंका, "आमचं बोलणं कोण ऐकणार तर नाय ना?" मी समजावलं, ते बोलणं साठवत नाही, फक्त किंकाळी ओळखतं.

आज सकाळी आईच्या छातीत कळ आली. यंत्र तिच्या डोक्यावरच होतं, पण माझा फोन गप्प. शेवटी बाबांनीच फोन केला. आई मूर्तींच्या आड घामाघूम होऊन पडलेली त्यांना दिसली.

मी पोचले तेव्हा तिला आत नेत होते. "ओरडली का नाहीस गो?"

"तुझे बाबा डोळे आखीत व्हते. दचकून हात हलला असता."

आमच्याकडे मूर्तीचे डोळे आखताना कुणी शब्द काढत नाही. हे त्या यंत्राला कोण सांगणार? अशा आईसाठी मी भिंतीवर काय लावू, तुम्हीच सांगा.

आयसीयूचं दार बंद आहे. फोनवर अजून हिरव्या अक्षरांत दिसतंय: कारखान्यात सगळं ठीक आहे.